दुकानातला जुना म्युझिक सेट पुन्हा सुरू करताना: कशानंतर काय करायचं

इंदूरमध्ये राजवाडा, सीतलामाता बाजार, एम. टी. क्लॉथ मार्केट या भागांतलं एखादं जुनं दुकान नव्याने करायला काढलं की पोटमाळ्यावरून हमखास एक सेट खाली येतो. एक अ‍ॅम्प्लिफायर, एक कॅसेट डेक, दोन-चार लांबट कॉलम स्पीकर, वायरींचं भेंडोळं आणि खोकंभर कॅसेटी. दिवसभर मंद आवाजात संतूर, बासरी, सिनेगीतांच्या धुना, सकाळी स्तोत्र आणि सणासुदीला मधूनमधून ‘आज की स्कीम’ची घोषणा. हे सगळं याच सेटवर वाजलेलं असतं. मग हौसेने तिथल्या तिथे काउंटरवर प्लग लावला जातो, डेकमध्ये राहिलेली कॅसेट सुरू केली जाते आणि पाच मिनिटांत फ्यूज उडतो, नाहीतर टेप रोलरला गुंडाळून बसते.

हा क्रमच उलटा आहे. अ‍ॅम्प्लिफायरचा कंडेन्सर (वीज साठवणारा भाग) आजही मिळतो, बेल्ट मिळतो, दुसरा डेकही मिळतो. दुकानाने स्वतः भरून घेतलेली घोषणांची कॅसेट मात्र एकच असते. म्हणून आधी टेपा सुरक्षित करायच्या, मग यंत्र तपासायचं, शेवटी आवाज ऐकायचा. खालचे टप्पे याच क्रमाने आहेत. मधला एखादा गाळून पुढे जाऊ नका.

## १. आधी हे सामान जमवा

मल्टिमीटर, सिरीज बल्बचा बोर्ड (यंत्राकडे जाणारी वीज आधी बल्बमधून नेणारा), ६० आणि १०० वॅटचे जुन्या पद्धतीचे तारेचे बल्ब (एलईडी बल्ब इथे कामाचा नाही), आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानातल्या मळासाठी वापरतात तसल्या कापसाच्या काड्या, रंगकामाचा मऊ ब्रश, साधा साबण, चिकटपट्टी, मार्कर, सहा कडांची पेन्सिल आणि मास्क. यातलं बरंचसं महाराणी रोड आणि जेल रोडवर फिरलं की मिळतं. अल्कोहोल शक्यतो ९९ टक्क्यांचं घ्या. दवाखान्यातल्या ७० टक्क्यांच्या द्रावणात पाणी जास्त असतं, ते धातूच्या भागांवर रेंगाळतं.

याशिवाय ज्याचं काहीही झालं तरी चालेल अशी एक कॅसेट हवी. रद्दीत दहा-वीस रुपयांना मिळेल ती. पुढे तिचं काम पडणार आहे.

हे काम पावसाळ्यात करू नका. आषाढ-श्रावणातल्या दमट हवेत ओलावा धरलेली टेप आणखी चिकटते आणि बुरशी पसरते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम.

## २. सेट भिंतीवरून उतरवण्याआधी

वायरी ओढून काढायची घाई असते आणि तिथेच अर्धी माहिती जाते. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या बाजूचे जवळून फोटो घ्या. स्पीकरच्या वायरी कोणत्या दोन टोकांना लावल्या आहेत ते स्पष्ट दिसलं पाहिजे. आपल्याकडच्या दुकानांत अहुजा कंपनीसारखे पी.ए. (घोषणांसाठीचे) अ‍ॅम्प्लिफायर फार दिसतात. त्यांच्या मागे ‘कॉमन’ म्हणून एक टोक असतं आणि शेजारी ४, ८, १६ ओहम, ७० व्होल्ट, १०० व्होल्ट अशी टोकं ओळीने असतात. वायर यांतल्या कुठल्या टोकाला होती, यावर सातवा टप्पा पूर्ण अवलंबून आहे.

प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून नंबर द्या. प्रत्येक स्पीकर उघडून आत छोटा लाइन ट्रान्सफॉर्मर आहे का, आणि त्याची कोणती तार जोडली आहे, तेही टिपून घ्या. व्हॉल्यूमच्या खुंटीशेजारी दुकानदाराने नखांना लावायच्या पॉलिशने किंवा पेनाने केलेली खूण सापडली तर ती पुसू नका. ‘आवाज इथपर्यंतच’ असा तो मालकाने नोकरांना दिलेला हुकूम असतो आणि तुम्हालाही त्यावरून अंदाज येतो की हा सेट रोज किती जोरात चालत होता.

तपासणी: फोटो बघून, सेट समोर नसताना, सगळी जोडणी कागदावर काढता येते का? येत नसेल तर आणखी फोटो घ्या.

## ३. यंत्र कोणतं आहे ते ओळखा

नव्वद टक्के वेळा साधा कॅसेट डेक निघेल, बहुतेकदा ऑटो-रिव्हर्स, कारण दुकानात दर अर्ध्या तासाने उठून बाजू कोण बदलणार. पण भंगारवाल्याकडून किंवा परदेशातून आणलेल्या सामानातून खास व्यावसायिक यंत्रही हाती लागू शकतं. त्यांना घरगुती यंत्राचे नियम लावले की नुकसान ठरलेलं.

सीबर्ग १०००. हे १९५९ मध्ये आलेलं अमेरिकन यंत्र. मोठा पेटारा, आत तबकड्यांची चळत. तबकडी ९ इंचांची, मधलं भोक तब्बल २ इंचांचं आणि वेग मिनिटाला १६ पूर्णांक दोन-तृतीयांश फेरे. २५ तबकड्यांवर मिळून साधारण हजार गाणी. यातल्या चिरा एका इंचात ४२० इतक्या दाट असतात, म्हणून सुईही बारीक लागते, सुमारे १३ मायक्रॉनची. जुन्या ग्रामोफोनची जाड सुई यावर टेकवली तर तबकडी संपली.

थ्री-एमचं कँटाटा ७००. हे १९६५ चं. जाडजूड पेटीतली टेप, ७०० धुना, सलग २६ तास. ही पेटी कुतूहल म्हणून उघडू नका. आतली टेप सुटली तर परत बसवणं फार कठीण.

न संपणाऱ्या टेपेची काडतुसं. हे आठ ट्रॅकचं काडतूस असेल किंवा रेडिओ स्टेशनवर चालायचं तसलं. आत एकच चाक, टेप मधून निघते आणि बाहेरच्या वेढ्यावर जाऊन बसते. ही कधीही उलटी गुंडाळायची नसते. टेपेची दोन टोकं जिथे जोडलेली असतात तो जोड जुना झाला की सुटतो आणि टेप आत पळते. म्हणून पहिल्यांदा वाजवण्याआधीच जोड नवा करून घ्यावा लागतो. टेपेमागची स्पंजाची गादीही बहुधा भुगा झालेली असते, तीही बदला.

साधी कॅसेट. वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. पण लांब कार्यक्रमांसाठी याच्या अर्ध्या वेगाने भरलेल्या कॅसेटीही असतात. साध्या डेकवर सगळं दुप्पट वेगात, चिरक्या आवाजात ऐकू आलं तर कॅसेट बिघडली असं समजून टाकून देऊ नका. ती संगणकावर उतरवून घ्या, वेग नंतर तिथे अर्धा करता येतो.

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती गोष्ट. अमेरिकन यंत्र ११० व्होल्टचं असतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून लोक ट्रान्सफॉर्मर आणतात आणि निश्चिंत होतात. ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज बदलतो. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० हर्ट्झची. तो फरक तसाच राहतो. ज्या यंत्राची मोटर थेट मुख्य विजेच्या हर्ट्झवर चालते ते इथे सहापैकी पाच भाग वेगानेच फिरतं. गाणं लांबलेलं आणि खाली उतरलेलं येतं. याला उपाय दोन: एकतर ६० हर्ट्झची शुद्ध साइन वीज देणारा इन्व्हर्टर, नाहीतर आहे त्या वेगाने उतरवून घेऊन संगणकावर वेग १.२ पट करणं. कॅसेट डेकमध्ये बहुतेक डीसी मोटर असते, तिथे हा प्रश्न येत नाही.

तपासणी (ही सहाव्या टप्प्यात वीज दिल्यावरच करायची): सीबर्गच्या तबकडीवर कागदाची चिठ्ठी ठेवा आणि ३ मिनिटांत फेरे मोजा. बरोबर ५० भरले तर वेग ठीक. ४२ च्या आसपास आले तर यंत्र ५० हर्ट्झवर चालतंय.

## ४. टेपा वेगळ्या काढा

हा टप्पा सावकाश करा. अजून प्लग लावलेला नाही, लावायचाही नाही.

डेकमध्ये कॅसेट अडकलेली असेल तर बटण दाबून जोर करू नका. वरचं झाकण उघडा, टेप रोलरला गुंडाळली आहे का बघा, आणि रोलर बोटाने उलटा फिरवत टेप सोडवा. कात्री हा शेवटचा उपाय. कापावीच लागली तर सरळ कापा, दोन्ही टोकं जपून ठेवा. जोडायला टेप जोडण्याचीच पट्टी वापरा. साध्या सेलोटेपचा गोंद पाझरतो आणि शेजारच्या वेढ्यांना चिकटवून टाकतो.

मग कॅसेटींचे तीन ढीग करा. पहिला, बाजारात विकत मिळणाऱ्या छापील कॅसेटींचा. दुसरा, घरी किंवा दुकानात भरलेल्या गाण्यांचा. तिसरा, ज्यांवर हाताने ‘दिवाली’, ‘सेल’, ‘अनाउन्स’, ‘भाऊ’ असं काही लिहिलेलं आहे त्यांचा. हा तिसरा ढीग सोन्यासारखा जपा. त्यात तेव्हाच्या भावांचे आकडे असतात, मालकाचा किंवा त्याच्या मुलीचा आवाज असतो, मागे बाजाराचा गोंगाट असतो. काही कॅसेटींत एका बाजूला हिंदी घोषणा आणि दुसऱ्या बाजूला गणेशोत्सवासाठी मराठीत भरलेली घोषणा निघते. इंदूरच्या मराठी दुकानदारीचा असा पुरावा दुसरीकडे कुठे मिळणार?

प्रत्येक कॅसेटची मागची दोन प्लास्टिकची टोपणं तोडून टाका, म्हणजे चुकून वर काही भरलं जाणार नाही.

खिडकीतून टेपेच्या कडा बघा. पांढरी भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी. ती कॅसेट फिरवू नका, वाजवू नका. मास्क लावून ती वेगळ्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद करा आणि बाकीच्यांपासून लांब ठेवा. एक बुरशीची कॅसेट डेकमध्ये गेली की पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागण होते.

चांगल्या दिसणाऱ्या कॅसेटीत पेन्सिल घालून चार-सहा वेढे हाताने फिरवा. चाक अडखळलं तर खोकं आवळलं आहे. स्क्रूचं खोकं असेल तर उघडून टेपेची दोन्ही चाकं नव्या खोक्यात बसवता येतात. टेपेमागची छोटी गादी जागेवर आहे ना, तेही बघा. गादी पडलेली असेल तर आवाज दबका आणि वरखाली येतो आणि लोक विनाकारण हेडला (टेपेवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला) दोष देतात.

सावधान: सी-१२० (म्हणजे १२० मिनिटांच्या) कॅसेटींची टेप जेमतेम ९ मायक्रॉन जाडीची असते. सी-६० ची त्याच्या दुप्पट. दुकानवाल्यांना लांब कॅसेट सोयीची वाटायची, त्यामुळे या पातळ टेपा बऱ्याच निघतात. त्या जोरात पुढे-मागे पळवू नका.

टेप ‘भाजून’ दुरुस्त करण्याचे व्हिडिओ बघून कुणी कॅसेटी ओव्हनमध्ये ठेवतात. तो उपाय ठरावीक काळातल्या ठरावीक रीळ-टेपांसाठी आहे, तोही नियंत्रित तापमानात. दुकानाच्या कॅसेटींना तो लावू नका.

## ५. उघडा आणि साफ करा

आतली घाण दुकानाच्या धंद्यावर ठरते. साडीच्या दुकानातल्या सेटमध्ये कपड्याचे तंतू आणि जरीचे बारीक धागे निघतात. जरीत धातू असू शकतो, त्यामुळे सर्किटवर पडलेला एकेक धागा चिमट्याने उचला, फुंकर मारून आत ढकलू नका. नमकीनच्या दुकानातल्या सेटवर तेलाचा थर आणि त्यावर धूळ बसलेली असते. ती कोरड्या ब्रशने निघत नाही, अल्कोहोलच लागतं. किराण्याच्या दुकानात झुरळं आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. आणि सेट देवाच्या फोटोखाली असेल तर टेपेच्या हेडवर उदबत्तीच्या काजळीचा तपकिरी थर सापडतो. नुसता तेवढा थर काढला तरी आवाज बराच उघडतो.

हवा मारायचा ब्लोअर वापरायचाच असेल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

कंडेन्सर फुगले आहेत का, बुडाशी डाग आहेत का, हे बघा. फुगलेला कंडेन्सर ‘चालतोय तोवर चालू दे’ म्हणून ठेवायचा नसतो.

## ६. वीज: सिरीज बल्बशिवाय प्लग नाही

मागच्या बाजूला व्होल्टेज निवडायचं बटण असेल तर ते २२०-२४० वर आहे याची खात्री करा. फ्यूज काढून त्यावरचा आकडा वाचा. दुकानांत उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली हमखास दिसते. ती काढा, योग्य आकड्याचा फ्यूज घाला.

आता सेट सिरीज बल्बमधून लावा. छोट्या डेकसाठी ६० वॅट, अ‍ॅम्प्लिफायरसाठी १०० वॅट. स्पीकर जोडू नका, व्हॉल्यूम शून्यावर ठेवा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच झगझगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. लगेच बंद करा आणि जाणकार मेकॅनिककडे न्या. मंद राहिला तर वीसेक मिनिटं तसंच चालू ठेवा, वास येतो का बघा, ट्रान्सफॉर्मर हाताला चटका देण्याइतका तापत नाही ना ते प्लग काढून तपासा.

सावधान: सिरीज बल्ब यंत्राला वाचवतो, तुम्हाला नाही. शॉक तेवढाच बसतो. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढायची सवय वाईट आहे. रेझिस्टर लावून उतरवा आणि मल्टिमीटरने शून्याजवळ आलं का ते पाहा.

## ७. लाइन आणि स्पीकर

इथे सर्वांत जास्त सामान जळतं. दुकानातले स्पीकर लांब वायरीवर, बहुधा १०० व्होल्टच्या लाइनवर चालतात. प्रत्येक स्पीकरमागचा छोटा ट्रान्सफॉर्मर ते व्होल्टेज उतरवून घेतो. कुणीतरी घरातला ८ ओहमचा स्पीकर आणून त्याच १०० व्होल्टच्या टोकांना लावतो. हिशेब करून बघा: १०० गुणिले १०० भागिले ८, म्हणजे १२५० वॅट मागणारा भार. चाळीस वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरने हे कुठून द्यावं? एकतर स्पीकर जातो, नाहीतर अ‍ॅम्प्लिफायरचे ट्रान्झिस्टर. घरचा ८ ओहमचा स्पीकर लावायचाच तर ८ ओहमच्या टोकाला, आणि तेव्हा १०० व्होल्टच्या टोकांवर काहीही नको.

लाइनवर किती स्पीकर चालतील याचा नियम सोपा आहे. प्रत्येक स्पीकरच्या ट्रान्सफॉर्मरची कितव्या वॅटची तार जोडली आहे ते बघा आणि त्या वॅटची बेरीज करा. बेरीज अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटच्या ८० टक्क्यांच्या आत हवी. ४० वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरवर १० वॅटच्या तारेवर लावलेले चार स्पीकर म्हणजे काठोकाठ. ते ५ वॅटच्या तारेवर घ्या. पार्श्वसंगीताला तेवढा आवाज पुरतो.

तपासणी: सेट बंद, लाइन अ‍ॅम्प्लिफायरपासून सुटी. दोन वायरींवर मल्टिमीटर लावा. जवळजवळ शून्य ओहम आलं तर कुठेतरी शॉर्ट, काहीच आलं नाही तर वायर तुटलेली. अधलामधला आकडा आला तर लाइन जिवंत आहे. पण त्या आकड्यावरून भाराचा हिशेब करू नका. मल्टिमीटर ट्रान्सफॉर्मरच्या तारेचा नुसता रोध दाखवतो.

सेट चालू असताना लाइनच्या उघड्या टोकांना हात लावू नका. १०० व्होल्ट नावापुरते नसतात.

## ८. बेल्ट, रोलर, हेड

जुना बेल्ट चिकट काळी राळ होऊन पुलीला बसलेला असतो. अल्कोहोलने पूर्ण काढा. थोडा राहिला तरी नवा बेल्ट घसरतो. नवा मागवताना जुन्या सैल बेल्टचं माप देऊ नका. पुल्यांभोवती दोरा फिरवून लांबी मोजा आणि त्यातून पाच-सात टक्के कमी करून सांगा.

हेड आणि कॅपस्टनचा (टेप पुढे ओढणारा) दांडा अल्कोहोलने पुसा. रबराचा रोलर मात्र साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, तो चकचकीत आणि कडक झाला असेल तर बदला. हेडचा कोन जुळवायचा स्क्रू हेडशेजारी असतो, त्याला इतक्यात हात लावू नका.

आता ती फुकट गेली तरी चालेल अशी कॅसेट लावा. दोन्ही बाजू पूर्ण वाजवा, एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे. टेपेवर सुरकुत्या पडल्या, कड दुमडली, की काम अजून बाकी आहे. ऑटो-रिव्हर्स डेकमध्ये दोन्ही दिशांना स्वतंत्र रोलर असतात; एक दिशा ठीक चालली म्हणून दुसरी गृहीत धरू नका.

## ९. टेप उतरवून घेणं

माझं स्पष्ट मत: तिसऱ्या ढिगातली कॅसेट दुकानाच्या जुन्या डेकवर उतरवूच नका. त्यासाठी चांगल्या स्थितीतला दुसरा डेक मिळवा. दुकानाचा सेट वाजवण्याच्या आनंदासाठी आहे.

डेकच्या लाइन-आउटमधून संगणकाच्या लाइन-इनमध्ये जोडा. अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरच्या टोकांवरून संगणकात कधीही वायर नेऊ नका, साउंड कार्ड जागच्या जागी जळेल. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही फाइल. सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. डॉल्बी (डेकमधली खरखर कमी करायची सोय) बंद. खरखर काढणं, आवाज उजळवणं, वेग दुरुस्त करणं हे सगळं नंतर आणि दुसऱ्या प्रतीवर. मूळ फाइलला हात नको.

ज्या डेकवर कॅसेट भरली त्याचं हेड थोडं वाकडं असेल तर तीव्र सूर बोथट येतात. तेव्हाच हेडच्या कोनाचा स्क्रू, तोही मूळ जागेची खूण करून, किंचित फिरवा आणि ‘स’चा उच्चार सर्वांत स्वच्छ ऐकू येईल तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटसाठी हे वेगळं असतं.

सीबर्गची तबकडी १६ च्या वेगाचं टर्नटेबल नसेल तर ३३ वर उतरवून नंतर वेग अर्धा करता येतो. मात्र प्री-अ‍ॅम्पची (टर्नटेबलचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्राची) सूरदुरुस्ती बंद ठेवा. ती वेग अर्धा केल्यावरच करायची, नाहीतर खर्ज आणि तीव्र सूर दोन्ही चुकीच्या जागी जातात.

फाइलच्या नावात दुकान, कॅसेटवरचा मजकूर जसाच्या तसा, बाजू आणि उतरवल्याची तारीख लिहा. दोन प्रती, दोन वेगळ्या जागी.

## १०. दुकानात पुन्हा लावायचा असेल तर

घरी ऐकण्याचा प्रश्न नाही. पण गिऱ्हाइकांसमोर वाजवणं म्हणजे सार्वजनिक वादन. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, आणि चाल व शब्द यांचे हक्क वेगळे असतात. कॅसेट जुनी आहे, विकत घेतलेली आहे, एवढं कारण पुरत नाही. पीपीएल (ध्वनिमुद्रणांसाठी) आणि आयपीआरएस (चाल व शब्दांसाठी) या परवाने देणाऱ्या संस्थांकडे चौकशी करा. दुकानाने स्वतः भरलेल्या घोषणा तुमच्याच आहेत, पण त्यांच्या मागे सिनेगीत वाजत असेल तर त्यालाही हाच नियम.

मूळ कॅसेटी दुकानात ठेवू नका. डेकच्या जागी फाइल वाजवणारा छोटा प्लेअर अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’मध्ये लावा आणि महिन्यातून एकदा डेक रिकाम्या कॅसेटवर दहा मिनिटं चालवा. काम झालं की कॅसेट बाहेर काढा. आत राहिली तर रोलर एकाच जागी दाबून राहतो आणि त्यावर खड्डा पडतो.